थेल्मानं टांगलेला रेडिएटर

आमच्या टेकडीवर कुणाच्या दारात प्लंबरची गाडी उभी राहिली, की शेजारच्या बायका आधी दुखवट्याच्या घरी न्यायचा मॅकरोनीचा ट्रे भट्टीत टाकतात आणि मग त्या घरात कोण गेलं याची चौकशी करतात. कारण सरळ आहे. घरात एक जरी हातीपायी धड माणूस जिवंत असेल, तर नळ, संडास, बॉयलर हे सगळं त्या घरानं स्वतःच निस्तरायचं. खाली नदीकाठी पोलादाचा कारखाना धगधगत होता तेव्हापासूनची ही रीत. कारखाना बंद पडला, त्या जागी गाद्या आणि टीव्ही विकणारी दुकानं आली, पण रीत काही गेली नाही. माझ्या सॅलनं, म्हणजे नवऱ्यानं, एकदा न्हाणीघरातला नळ बदलताना खालचं अख्खं स्वयंपाकघर भिजवलं. आम्ही माझ्या बहिणीकडे आंघोळीला जात होतो, पण प्लंबर? छे! लोक म्हणाले असते, फिलोमिनाचा नवरा वारला.

तेव्हा थेल्मा हुडाकनं आपल्या तळघराचं काम स्वतः करायचं ठरवलं, यात नवल काहीच नव्हतं. नवल पुढे आहे.

थेल्मा माझी शेजारीण. आमच्या दोन घरांच्या मध्ये इतकीच जागा आहे, की तिनं कांदा परतला तर माझ्या पडद्यांना वास लागतो. वय अठ्ठावन्न. शाळेची बस चालवते. बसमधली कार्टी तिला घाबरतात आणि सुट्टी लागली की तिला मिठ्या मारतात. लग्न केलं नाही. दोघं जण मागणी घालायला आले होते म्हणतात. वासिलकाकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, दोघांनाही तळघरात नेऊन हातात पाईप पाना दिला. पहिल्याला तो कुठून धरायचा तेच कळेना. दुसऱ्याला छान कळलं, पण तो थेल्माला आवडला नाही. विषय संपला.

वासिलकाका कारखान्यात यंत्रं बसवायचे. बसवायचे म्हणजे अशी, की यंत्रावर काठोकाठ भरलेला कॉफीचा कप ठेवला तर एक थेंब सांडता कामा नये. त्यांच्याकडे एक जुनी लाकडी पाणसळ आहे, पितळी कडांची, मधोमध काचेत तो हिरवा बुडबुडा. चर्चमधला क्रूस एक वेळ ते हातात धरणार नाहीत, पण ही पाणसळ छातीशी धरून चालतात. "टेकडी तिरकी, रस्ते तिरके, माणसं तर विचारूच नका," असं म्हणायचे. "निदान घर तरी सरळ असू द्या." त्यांच्या घरात पाणसळ लावली नाही अशी वस्तू नाही. येशूच्या शेवटच्या जेवणाचं चित्र, फ्रिज, तुळशीसारखं जपलेलं कुंडीतलं अंजिराचं झाड ठेवलेलं टेबल, सगळ्यावर बुडबुडा मधोमध.

ऑक्टोबरात हे काका पुढच्या पायऱ्यांवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली आणि त्यांना नदीपलीकडच्या एका शुश्रूषागृहात ठेवलं. हाड जुळलं, पण जिना चढणं संपलं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. आणि आमच्या टेकडीवर जिन्याशिवाय घरात शिरायचं म्हणजे पंख हवेत. पुढून बघावं तर पायऱ्याच पायऱ्या.

पण मागून बघाल तर तळघराचं दार थेट गल्लीत उघडतं. एक पायरी नाही. कारखान्यातून काळेकुट्ट होऊन आलेले पुरुष याच दारानं आत शिरत, तिथेच कपडे काढत, तिथेच अंगावर पाणी घेत आणि माणसात आल्यावर मगच वर जात. त्यासाठीच तर तळघरात एक कमोड असतो. आडोसा नाही, भिंत नाही, पडदा नाही. भर तळघरात एकटाच बसलेला, पंचायतीत सरपंच बसावा तसा. हुडाकांकडचाही तसाच होता, एका बाजूला बॉयलर आणि दुसऱ्या बाजूला बटाट्यांची पेटी.

शुश्रूषागृहाकडून एक टॉलिव्हर मॅडम फोनवर थेल्माशी बोलल्या. घरं तपासून 'माणूस इथे राहू शकतो' असा शेरा देण्याचं काम त्यांचं. त्यांनी सांगितलं, खोली उबदार हवी, संडासाला दार हवं, चाकांची खुर्ची आत जाईल अशी मोरी हवी, धरायला दांडे हवेत. नाताळपर्यंत हे झालं तर बघू. नाही तर काकांचा तिथला पलंग कायमचा करावा लागेल.

थेल्मा कुंपणापाशी येऊन मला म्हणाली, "फिल, मी बाबांना तळघरात आणणार."

मी म्हटलं, "बटाट्यांबरोबर?"

"बटाटे हलवीन."

"आणि कमोडाला भिंती?"

"बांधीन."

"थेल्मा, त्या कमोडानं एवढ्या वर्षांत भिंत पाहिलेली नाही. लाजून वाहायचाच बंद होईल."

ती हसली नाही. म्हणाली, "रविवारी मी भेटायला गेले होते. बाबा पलंगावर बसून खिडकीतून आपली टेकडी बघत होते. मला म्हणतात, इथे बरं आहे, तू कशाला त्रास घेतेस. फिल, माझ्या बापाला आयुष्यात कुठे 'बरं' वाटलेलं नाही. त्यांना काहीही दाखव, त्यात खोट काढतात. सूपसुद्धा त्यांना बरं वाटतं म्हणे! म्हणजे त्यांनी हात टेकले."

मी बाह्या सरसावल्या आणि एकही विनोद न करता तिच्यामागे तळघरात गेले. सॅलला विचारा, असं वर्षातून एकदाच होतं.

सकाळी मुलं शाळेत सोडायची आणि दुपारी परत आणायची, या दोन फेऱ्यांच्या मध्ये थेल्मा तळघरात. काम शिकली कुठून? निम्मं बापाकडून. त्याच्यासाठी टॉर्च धरून उभं राहण्यात तिचं बालपण गेलं. आणि निम्मं फोनवरच्या व्हिडिओंमधून. नेब्रास्काचा का कुठला तरी एक दाढीवाला होता, तो तांब्याच्या नळ्यांना डाख देऊन दाखवायचा आणि प्रत्येक सांध्यानंतर "झकास!" म्हणायचा. मी खाली गेले की आधी विचारायचे, "काय म्हणतोय तुझा दाढीवाला?"

"झकास म्हणतोय."

"तुला म्हणतोय की सांध्याला?"

"तू टॉर्च धर. आणि तोंड बंद धर."

तिनं भाड्यानं ब्रेकर आणला आणि जमीन फोडली. घर असं हादरलं की माझ्या कपाटातल्या बश्या पुढे चालत आल्या. जुना बिडाचा पाईप सापडला, त्याला मोरीची नवी नळी जोडली. ढाळ कसा द्यायचा हे तिला पाठ होतं. कमी दिला तर पाणी तुंबतं, फार दिला तर पाणी पळून जातं आणि घाण मागे राहते. मग काँक्रीट भरलं, फरशी बसवली, भिंती उभ्या केल्या, भिंतीत दांडे ठोकले. दांडे पक्के आहेत की नाही ते बघायला सॅलला लोंबकळायला लावलं. सॅलचं वजन सांगत नाही, पण दांडा पास झाला. दार लावलं तेव्हा आम्ही दोघी बाहेर उभ्या राहून त्या बंद दाराकडे बघत बसलो. तळघरात बंद दाराआड संडास! आमच्या गल्लीतला पहिलाच.

राहिली ऊब. हुडाकांच्या घरात वाफेचे रेडिएटर. बॉयलर तळघरात, वाफ पाईपातून वर जाते, रेडिएटर तापतो, वाफेचं पाणी होतं आणि त्याच पाईपातून खाली बॉयलरकडे परत येतं. जाताना वाफ, येताना पाणी, रस्ता एकच. आता पाणी परत यायचं तर रेडिएटर बॉयलरपेक्षा उंचावर हवा. तळघरात तो जमिनीवर ठेवून चालत नाही, छताला टांगावा लागतो. जुन्या घरांत तसे टांगलेले मी पाहिलेत, खाटकाच्या दुकानात बरगड्या लटकतात तसे.

थेल्मानं जेवणघरातला बिडाचा रेडिएटर सोडवला. खाली आणायला अग्निशमन दलाचे चार गडी आले आणि पाचवा सॅल. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो "हळू, हळू" म्हणायला आला आणि तेवढ्यात कंबर धरून बसला. थेल्मानं सगळ्यांना लोण्यात परतलेल्या, करंजीसारख्या पिरोही वाढल्या, आत बटाटा आणि चीज, वर कांदा. सॅलनं कंबरदुखीवर उपाय म्हणून दोनदा वाढून घेतल्या.

मग लोखंडी पट्ट्या, बोल्ट, छताच्या तुळया आणि काकांची पाणसळ. पाईपाला तिनं ढाळ दिला, कारण पाईप म्हणजे पाईप. पण रेडिएटर ही तिच्या लेखी वस्तू, कपाटासारखी, फ्रिजसारखी. हुडाकांच्या घरात वस्तू म्हटली की बुडबुडा मधोमध. एक दुपारभर ती शिडीवर चढून अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे करत होती. शेवटी फोनवर फोटो काढला आणि रविवारी वडिलांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बुडबुडा बघितला आणि म्हणाले, "हं." हुडाकांच्या घरी "हं" म्हणजे सोन्याचं पदक.

बॉयलर पेटवला. रेडिएटर तापला. आणि मग, ढाण! कुणीतरी आतून हातोडा मारावा तसा. ढाण, ढाण, ढण्ण!

थेल्मा निवांत बटाटे सोलत होती.

"अगं, फुटतंय ते!" मी ओरडले.

"फुटत नाही. वाफेचा रेडिएटर आहे, वाजणारच. वरचे पण वाजतात की."

ते खरंच होतं. हुडाकांचे रेडिएटर माझ्या लग्नाआधीपासून वाजतात. माझं बाळंतपण झालं तेव्हा माझी लेक त्या ढाणढाणीवरच झोपायची, आणि उन्हाळ्यात बॉयलर बंद झाल्यावर रडायची. आम्हाला वाटायचं, घराला घड्याळ असतं तसं हुडाकांच्या घराला हातोडा आहे.

टॉलिव्हर मॅडम डिसेंबरात तपासायला आल्या. बाई चांगल्या, हसतमुख, पण शहराच्या दुसऱ्या टोकाच्या. गल्लीत थेल्मानं त्यांच्या गाडीसाठी जागा धरून ठेवली होती. आमच्याकडे जागा धरायची म्हणजे तिथे स्वयंपाकघरातली खुर्ची मांडायची. मॅडमनी थेल्माची खुर्ची तशीच सोडली आणि शेजारची, म्हणजे माझी खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि गाडी लावली! सॅल खिडकीतून बघत होता, त्याचा घास घशात अडकला. दुसरं कुणी असतं तर टायरची हवा गेली असती. पण काकांचा प्रश्न होता म्हणून मी दात दाखवत हसले.

मॅडमनी दार उघडून बघितलं, बंद करून बघितलं. मोरीत खुर्ची फिरवली. दांडे ओढले. "हे सगळं तुम्ही स्वतः केलंत?" असं दोनदा विचारलं. थेल्माचे कान लाल झाले. लिहिण्यासाठी मॅडमनी पेन काढलं, आणि तेवढ्यात रेडिएटरला आपली आठवण झाली. ढाण!

मॅडमचं पेन उडालं ते बटाट्यांच्या पेटीत.

"हे काय होतं?"

"काही नाही," थेल्मा म्हणाली. "ऊब येतेय."

ढण्ण! ढाण!

मॅडमनी पटकन चाकांच्या खुर्चीचा आधार घेतला. "हे रात्रीपण असं होतं?"

"थंडी असली की होतं," मी मदत करायला गेले. "म्हणजे ऑक्टोबर ते एप्रिलच फक्त."

थेल्मानं माझ्याकडे असं बघितलं, बसमधल्या शेवटच्या बाकावरच्या कार्ट्याकडे बघते तसं.

मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या, "हे बघा, तुमचे वडील शस्त्रक्रियेनंतर झोपेत दचकतात. दोनदा अर्धवट झोपेत उठायला निघाले होते. नर्सनं धरलं म्हणून. इथे डोक्याशी असा आवाज झाला आणि ते उठले तर? पुन्हा पडले तर मग आपल्या कुणाच्याच हातात काही राहणार नाही. बाकी सगळं उत्तम आहे. पण या आवाजात मी त्यांना पाठवू शकत नाही. पुढच्या आठवड्यात परत येते. तोवर काही झालं तर बघा. त्यानंतर मात्र तिथला पलंग कुणाचा ते ठरवावं लागेल."

त्या गेल्यावर थेल्मा पायरीवर बसली. मी म्हटलं, "दाढीवाल्याला विचार."

"त्याच्याकडे वाफ नाही. सगळं गरम पाण्याचं." मग म्हणाली, "फिल, तो आवाज माझ्या कानाला ऐकूसुद्धा येत नाही. लहानपणापासून आहे तो. बंद करायची गोष्ट आहे हेच मला माहीत नव्हतं."

मग तिनं काय काय केलं! पाईपांना कापड गुंडाळलं. हवेची नवी झडप बसवली. बॉयलरमधलं पाणी बदललं. पट्ट्यांखाली रबर घातलं. पाणसळ पुन्हा लावली, बुडबुडा केसभर सरकला होता तोही मधोमध आणला. दुसऱ्या दिवशी आवाज दुप्पट. सॅल म्हणाला, "तिला सांग, प्लंबर बोलवायचा तर रात्री गाडी आणायला सांगू, दिवे बंद करून." मी त्याला उशी फेकून मारली. खरं सांगायचं तर नंबर शोधून ठेवला होता.

मॅडम यायच्या आदल्या दिवशी सकाळी थेल्मा बस घेऊन गेली होती आणि मी तिच्या तळघरात बटाट्यांची पेटी उपसत होते, मॅडमचं पेन शोधायला. तेवढ्यात वर 'कर्र' झालं. छतातला एक बोल्ट थोडासा उपटून आला. रेडिएटर पडला नाही, दुसऱ्या पट्टीनं धरला, पण ज्या टोकाला पाईप जोडला होता ते टोक दोन बोटं खाली झुकलं. मी बटाटे सांडून थेट गल्लीत.

थेल्मा आली, तिनं बघितलं, आणि तिचा चेहराच उतरला. घुसळखांबासारखा एक जाड ओंडका कोपऱ्यात होता, तो तिनं आणि मी रेडिएटरच्या खाली टेकू म्हणून उभा केला. मग ती म्हणाली, "जॅक आणते बसमधून. वर उचलून सरळ करू. पण आधी बॉयलर चालू करते, बोटं गारठलीत." चावी फिरवून ती गेली.

मी खाली एकटी. बॉयलर घुमायला लागला. वाफ पाईपातून निघाली, ती कळते, पाईप टिकटिकतो. मी कान दाबून धरले. रेडिएटर एका टोकापासून तापत गेला. मी हात लावून बघितलं आणि भाजला. तरी काही नाही. कानावरचे हात काढले. तरी काही नाही.

थेल्मा जॅक घेऊन आली. दारातच थांबली.

"बंद पडला?"

"नाही. तापलाय. हे बघ, माझी बोटं."

ती उभी राहून ऐकत राहिली. मी तिला किती तरी वर्षं ओळखते. इतका वेळ गप्प मी तिला चर्चमध्येही पाहिलेली नाही. मग तिनं शिडी लावली, वर चढली, पाणसळ लावली. बुडबुडा पार एका कडेला जाऊन चिकटला होता. तिनं झुकलेल्या टोकाकडे बघितलं, तिथून निघणाऱ्या पाईपाकडे बघितलं, खाली मोरीकडे बघितलं.

"फिल," ती हळूच म्हणाली, "याला ढाळ हवाय."

"काय?"

"ढाळ गं! मोरीला देतो तसा. सरळ ठेवला की पाणी आतच साचतं, परत जायला वाट नाही. वरून वाफ येऊन त्या पाण्याला धडकते. तोच तो हातोडा. मोरीला दिला, पाईपाला दिला, आणि याला मी..." ती शिडीवरच हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. मग एकदम थांबली.

"वरचे रेडिएटर," ती म्हणाली.

वरचे रेडिएटर वासिलकाकांनी सरळ केले होते. चौऱ्याहत्तर साली, टेकडीखालच्या जुन्या कोळशाच्या खाणी खचल्या आणि घर जरा कलंडलं तेव्हा. कारखान्यातून पोलादाच्या चकत्या आणून प्रत्येक रेडिएटरच्या पायाखाली घातल्या होत्या, बुडबुडा मधोमध येईपर्यंत.

"म्हणजे हा सगळा धिंगाणा काकांच्या पाणसळीनं?" मी म्हटलं. मला तर हसण्याची उकळीच फुटली.

थेल्मा बोट रोखून म्हणाली, "फिलोमिना, हे जर तू शुक्रवारी चर्चमध्ये पिरोही वळताना बायकांसमोर बोललीस..."

मी शपथ घेतली. ती शुक्रवारपर्यंत टिकली. माझ्या मानानं खूप झालं.

तिनं रेडिएटर सरळ केला नाही. होता त्याच झुकावावर नवे आरपार बोल्ट घातले, आडवी तुळई दिली, आणि सॅलला पुन्हा लोंबकळायला लावलं. मॅडम आल्या. या वेळी त्यांना मी गाडीसाठी आमचीच जागा दिली, वर हातानं खुणा करून. तळघरात त्यांनी खुर्ची टाकली आणि बसून राहिल्या. बॉयलर दोनदा पेटला, दोनदा विझला. मॅडम म्हणाल्या, "मी तर इथे डुलकीच काढीन." आणि सही केली. पेन मीच दिलं, त्यांचंच होतं ते, बटाट्यांतून धुऊन काढलेलं.

आता राहिले खुद्द काका. रविवारी थेल्मानं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "नको. तू बस चालवायची, का म्हाताऱ्याचं करत बसायचं? गळ्यात धोंड कशाला बांधून घेतेस." बराच वाद झाला. शेवटी म्हणाले, "आठवडाभर येतो. जुना नाताळ होईपर्यंत. मग परत आणून सोड. तिथे माझा पलंग राखून ठेवणार आहेत आठवडाभर." आमच्या इकडे पूर्व युरोपातून आलेल्या रुसिन लोकांचा नाताळ जानेवारीत, जुन्या पंचांगानं. थेल्मा "बरं" म्हणाली. घरी आल्यावर माझ्यापाशी रडली. "आठवडाभर म्हणे, फिल. मी पाहुण्यांसाठी खोली बांधली का?"

गाडी गल्लीत आली. काका चाकांच्या खुर्चीतून तळघराच्या दारातून आत आले. कोट काढायच्या आधी त्यांनी मान वर केली.

"थेल्मा. ते तिरकं आहे."

"हो बाबा."

"दोन बोटं तिरकं आहे. फोटोत सरळ होतं."

"हो बाबा."

"मग सरळ कर. मला पाणसळ दे."

थेल्मा माझ्याकडे बघत होती, मी छताकडे. तेवढ्यात बॉयलर पेटला. वरच्या मजल्यावर पहिला दणका बसला, ढाण! मग दुसऱ्या खोलीतून, ढण्ण! काकांनी खालच्या रेडिएटरकडे बघितलं. तो गप्प. वर ढाण, खाली गप्प. काकांनी कोटाची बटणं सोडता सोडता हात थांबवले. यंत्रं बसवण्यात जन्म गेलेला माणूस तो, त्याला समजावून सांगावं लागत नाही. नजर रेडिएटरवरून पाईपावर गेली, पाईपावरून बॉयलरवर.

मी मनात म्हटलं, आता स्फोट होणार.

त्यांनी कोटाचं शेवटचं बटण सोडलं आणि म्हणाले, "ओल्गा म्हणाली होती."

ओल्गा म्हणजे थेल्माची आई. तिला जाऊन बरीच वर्षं झाली.

"काय म्हणाली होती बाबा?"

"म्हणाली, वासिल, तू ते सरळ करायच्या आधी कुठे वाजत होते? मी म्हटलं, तुला काय कळतं त्यातलं, बॉयलर नवा आहे म्हणून वाजतायत." ते थांबले. "बायको होती, म्हणून एवढंच म्हणाली. दुसरी कुणी असती तर चकत्या काढून डोक्यात घातल्या असत्या."

"आईला तो आवाज आवडायचा बाबा."

"खोटं बोलू नकोस. डोक्यावर उशी घेऊन झोपायची." मग माझ्याकडे वळून, "आणि तू काय दात काढतेस गं? तुझ्या नवऱ्याला नळ बदलता येत नाही."

"काका, निदान आमचा नळ गप्प तरी असतो," मी म्हटलं.

काका हसले. पडल्यापासून पहिल्यांदा. हसताना खोकला आला, खोकल्यात थेल्मानं पाणी दिलं, पाण्यात त्यांनी खोट काढली, कोमट आहे म्हणून. थेल्माचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाप परत आला होता.

"पहार कुठाय?" काका म्हणाले. "वर जा. बैठकीपासून सुरू कर. ज्या टोकाला चावी आहे तिथल्या पायाखालची चकती काढ. आधी चावीचा नट जरा ढिला कर, नाही तर पाईप मोडशील. मी इथून ऐकतो."

"आत्ता?"

"मग काय पोपला विचारून?"

तर अशी वरात निघाली. थेल्मा वर पहार घेऊन, काका खाली कान देऊन, आणि मधल्या जिन्यावर मी, दोघांचे निरोप पोचवायला. काकांचा आवाज वर जाईना आणि थेल्माचा खाली येईना.

काका म्हणाले, "तिला सांग, पहार धरलीय का चमचा?"

मी वर ओरडले, "बाबा म्हणतात, सावकाश हो!"

थेल्मा वरून म्हणाली, "त्यांना सांग, एवढं येतं तर या वर!"

मी खाली सांगितलं, "ती म्हणते, तुमच्या सल्ल्याचा फार उपयोग होतोय."

काकांनी माझ्याकडे तिरकं बघितलं. "माझी पोरगी असं म्हणाली?"

"अगदी असंच."

"तुझ्या आईपासून सगळ्या घराण्यात कुणी खरं बोललं नाही, फिलोमिना."

वर चकती निघाली, टणकन जमिनीवर पडली. मग थांबलो. बॉयलर घुमला, वाफ सरसरत भिंतीतून वर गेली. काकांनी डोळे मिटले. इतर खोल्या वाजल्या, बैठकीची खोली वाजली नाही. त्यांनी बोट वर केलं, पुन्हा ऐकलं, बोट खाली केलं.

वरून थेल्मा धापा टाकत म्हणाली, "विचार त्यांना, आता स्वयंपाकघराचा करू का? आज सगळेच उरकते, सात उरलेत."

मी निरोप दिला. काकांनी खुर्चीच्या दांड्यावर हात फिरवला. मग नव्या भिंतीवर फिरवला, तिचा ओळंबा तपासल्यासारखा. बंद दाराकडे बघितलं. बटाट्यांच्या पेटीकडे बघितलं.

"नको म्हणावं," ते म्हणाले. "घाई केली की काम बिघडतं. एक रेडिएटर करायचा, मग नीट ऐकायचं, थंडीच्या दिवशी ऐकायचं, वारं असताना ऐकायचं. आठवड्याला एक बस झाला."

मी बोटं मोजली. सात आठवडे म्हणजे फेब्रुवारी संपत येणार होता. काकाही मोजत असावेत, कारण त्यांनी माझ्याकडे न बघताच पुढे जोडलं, "आणि त्यानंतर तो बॉयलरचा बाहेरचा पाईप. तो कुणी बसवलाय देव जाणे, पार गंजलाय. तो बदलल्याशिवाय काही खरं नाही."

हा निरोप मात्र मी अक्षर न बदलता वर पोचवला.

वर पहार जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, आणि थेल्मा म्हणाली, "विचार त्यांना, सूप मशरूमचं करू का वाटाण्याचं?"